एवढं वाचलं, तरी तोंडातून ‘हो’च जातं

वाचकांचे प्रश्न, समुपदेशक ताईंची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी डोकावत होती: कळतंय सगळं, पण वळत नाही. त्यातली चार पत्रं निवडली आहेत. ती थोडी आटोपती केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न: ताई, मी ३६ वर्षांची आहे, नोकरी करते. गेली काही वर्षं स्वतःला घडवण्याची पुस्तकं वाचतेय, कपाटाचा एक अख्खा कप्पा त्यांनीच भरलाय. पहाटे उठणं झालं, कृतज्ञतेची वही झाली, आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे, माझं स्वतःवर प्रेम आहे’ म्हणणं झालं. २१ दिवसांची आव्हानंही घेतली, पण मध्ये एखादा दिवस चुकला की सगळंच बारगळतं. ‘नाही म्हणायला शिका’ या विषयावर तर मी दुसऱ्यांना व्याख्यान देईन! पण संध्याकाळी निघायच्या वेळी वरिष्ठ म्हणाले, ‘एवढं जरा बघून देता का?’ की तोंडातून ‘हो’ गेलेलंच असतं. मोठ्या नणंदेचा फोन आला की तेच. मग रात्रभर स्वतःवर चिडायचं. आरशासमोरची वाक्यं म्हणताना तर हल्ली चक्क खोटं बोलल्यासारखं वाटतं. माझंच काही चुकतंय का? समुपदेशकाकडे जावं का? पण तिथेही हेच ऐकायचं असेल तर काय उपयोग?
(सगळ्यांना ‘हो’ म्हणणारी)

उत्तर: आधी आरशाचा निकाल लावू. खोटं बोलल्यासारखं वाटतं हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण बहुतेक जण हे कबूलच करत नाहीत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच खालावलेलं होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर ते न म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त वाईट वाटलं. थोडाफार फायदा झाला तो ज्यांचं मत आधीच चांगलं होतं त्यांना. म्हणजे औषध लागू पडलं ते धडधाकट माणसांना! वाक्य जितकं भारदस्त, तितकी आतून उलटतपासणी जोरात सुरू होते: ‘समर्थ? मग परवा काय झालं होतं?’ तेव्हा आरसा केस विंचरायला ठेवा. वाक्यं बंद केल्याची अपराधी भावना बाळगू नका.

२१ दिवसांचंही तसंच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस जातात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहून ठेवलं. पुढे त्यातलं ‘किमान’ कुठेतरी गळून पडलं आणि नाक सरळ करून घेतलेल्या रुग्णाचा हिशेब साऱ्या जगाच्या सवयींना लागला. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा १२ आठवडे पाठपुरावा केला तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने काहीही बिघडत नव्हतं. तुम्ही ज्या दिवशी ‘बारगळलं’ म्हणून सोडून दिलंत, त्या दिवशी काहीच बारगळलेलं नव्हतं.

पण हे झालं चालण्या-फिरण्याच्या, पाणी पिण्याच्या सवयींबद्दल. ‘नाही’ म्हणणं त्या जातीचं नाही, कारण त्यात समोर दुसरा माणूस आहे. तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे सुरू होतं.

माझ्याकडे अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी फार बोलत नाही. खुर्ची थोडी सरकवते आणि म्हणते, ‘मी तुमचा वरिष्ठ. पर्स खांद्याला लावा, तुम्ही निघालायत.’ मग मी काम सांगते. समोरची व्यक्ती व्यवस्थित म्हणते, ‘सर, आज नाही जमणार.’ आवाज ठीक, वाक्य ठीक, पुस्तकात लिहिलंय तसंच. यावर मी काहीच बोलत नाही, नुसती बघत राहते. दोन-तीन श्वास जातात न जातात तोच समोरून येतं, ‘म्हणजे... घरी जरा काम होतं.’ मी तरीही गप्प. ‘तसं अर्जंट असेल तर थांबते मी.’ मी एक शब्द उच्चारलेला नसतो, आणि ‘नाही’चं ‘हो’ झालेलं असतं!

हे एवढ्या वेळा घडताना पाहिलंय की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. अडचण ‘नाही’ म्हणण्यात क्वचितच असते, ती असते त्यानंतरच्या शांततेत. पुस्तक तुम्हाला वाक्य शिकवतं. त्या वाक्यानंतर कान गरम होतात, पोटात गोळा येतो, समोरच्याची भुवई जराशी वर जाते, तेव्हा काय करायचं हे तुम्हाला बघणारं कुणीतरी असल्याशिवाय कळत नाही. समुपदेशकाच्या खोलीत आपण तिथेच थांबतो. ‘आत्ता मी गप्प होते तेव्हा मनात काय चाललं होतं?’ असं विचारलं की बहुधा काहीतरी फार जुनं बाहेर येतं. ‘आता मी यांना नकोशी होणार’ किंवा ‘मी आळशी आहे असं वाटेल त्यांना’. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात अशा झर्रकन येऊन जाणाऱ्या विचारांवरच आपली उपचारपद्धती उभी केली. हे विचार इतके सरावाचे झालेले असतात की ते ‘विचार’ आहेत हेच आपल्याला कळत नाही, परिस्थितीच तशी आहे असं वाटतं. ते पकडायचे, खरे-खोटे करून बघायचे आणि मग तीच दोन मिनिटं पुन्हा करायची. पुन्हा ‘नाही जमणार’ म्हणायचं आणि या वेळी त्या शांततेत नुसतं बसून राहायचं. कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरच्याला घासाघीस करायला जागा मिळते: तुम्ही ‘घरी काम आहे’ म्हणालात, तो ‘मग घरून करा’ म्हणेल.

तर, हो, जा समुपदेशकाकडे. तिथे जे ऐकायचंय ते तुम्हाला बहुतेक ठाऊक आहे, त्यात नवीन फार थोडं असेल. जायचं ते बघितलं जाण्यासाठी आणि सरावासाठी. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, ‘मला समजून घ्यायचं नाहीये, मला करून बघायचंय.’ चांगल्या समुपदेशकाला याचा राग येणार नाही.

काही कारणाने जाणं शक्य नसेल, तर हाच प्रयोग एखाद्या मैत्रिणीबरोबर करा. अट एकच, तिला गप्प बसता आलं पाहिजे. (अशी मैत्रीण मिळणं समुपदेशक मिळण्यापेक्षा अवघड असू शकतं.) नणंदेपासून सुरुवात नको, वरिष्ठांपासूनही नको. ज्याला ‘नाही’ म्हटल्याने काहीच अडणार नाही असा माणूस आधी निवडा. आणि आयत्या वेळी सुचत नाही म्हणून वाक्य आधीच बांधून ठेवा: ‘जर निघताना काम आलं, तर मी म्हणेन, हातातलं बघून उद्या सकाळी सांगते.’ पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात दाखवून दिलं की ‘मी ठाम राहीन’ अशा मोघम निश्चयापेक्षा असा ‘जर-तर’चा निश्चय पार पडण्याची शक्यता जास्त असते, कारण ऐन वेळी ठरवायचं काही उरलेलं नसतं.

आणि तो कपाटातला कप्पा. त्यातलं एकही पुस्तक फेकू नका, पण नवीनही आणू नका. वाचताना मिळणारं समाधान इतकं खरं असतं की काहीतरी केल्यासारखंच वाटतं. तिथेच आपण फसतो.

प्रश्न: माझ्या पत्नीची चिडचिड आणि रडणं वाढलं म्हणून मीच तिला समुपदेशनाला पाठवलं. रडणं कमी झालं, हे मान्य. पण आता ती वेगळीच वागते. ‘हे मला न विचारता का ठरवलंत?’ असं तोंडावर विचारते. पूर्वी असं कधी नव्हतं. तिकडे काय बोलणं होतं ते सांगत नाही. मी समुपदेशकांना फोन केला, तर त्यांनीही नकार दिला. फी मी भरतो, मला एवढंही कळू नये? तिथे माझ्याविरुद्ध तिचे कान तर भरत नाहीत ना? हल्ली घरात पाऊल टाकताना छातीत धडधडतं.
(एक नवरा)

उत्तर: फोनपासून सुरुवात करते. फी कोण भरतं याचा आणि गुप्ततेचा काही संबंध नाही. खोलीतलं बोलणं त्या खोलीतल्या माणसाचं. अपवाद मोजके असतात: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलाचा छळ, न्यायालयाचा आदेश. बहुतेक समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. त्यांनी तुम्हाला नकार दिला, याचा अर्थ तुमची पत्नी योग्य ठिकाणी जाते आहे. त्यांनी जर तुम्हाला सगळं सांगितलं असतं, तर मी तिला तिथून निघायला सांगितलं असतं.

आता कान भरण्याबद्दल. समुपदेशकाला एकच बाजू ऐकू येते, ही तुमची शंका रास्त आहे. शहाण्या समुपदेशकाला याची पुरेपूर जाणीव असते, म्हणून तो निवाडा करत नाही. दोन भेटींत ‘सोडून द्या अशा माणसाला’ असा फतवा काढणारे नसतात असं नाही, आणि तशांपासून लांबच राहावं. पण तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. तुमच्या पत्रात दिसतो एक प्रश्न: ‘मला न विचारता का ठरवलंत?’ मी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, आणि या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला कुठेच सापडलं नाही.

घरात एक माणूस वर्षानुवर्षं गप्प असतो तेव्हा बाकीच्यांना ती शांतता वाटते. तो बोलायला लागला की भांडण सुरू झाल्यासारखं वाटतं. पूर्वी जे रडण्यावाटे बाहेर यायचं ते आता वाक्यांतून येतंय. ऐकायला हे जड आहे, मान्य. पण वाक्याला उत्तर देता येतं, रडण्याला देता येत नाही. सुरुवातीला तिचा सूर थोडा जास्त चढेल, कारण नव्याने बोलणाऱ्याला आवाजाचा अंदाज नसतो. तो पुढे खाली येतो, समोरच्याने त्यावर फार आरडाओरडा केला नाही तर.

‘आज काय बोललात?’ हे विचारणं थांबवा. त्याऐवजी ‘मी काही वेगळं करावं असं तुला वाटतं का?’ असं एकदा विचारून बघा आणि उत्तर येईपर्यंत वरच्या पत्रातल्या माझ्यासारखं गप्प बसा. दोघांनी मिळून जायचं ठरलं तर शक्यतो दुसरा समुपदेशक शोधा. तिचा तो तिचा राहू दे. आणि ते छातीतल्या धडधडीचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. आधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, हृदयाचं काही नाही ना याची खात्री करा. काही निघालं नाही, तर त्या धडधडीबद्दल बोलायला तुम्हालाही एक तास हक्काचा मिळायला हरकत नाही. त्याबद्दल बायकोला तपशील सांगायची गरज नसेल.

प्रश्न: तीन भेटी झाल्या. समुपदेशक स्वभावाने छान आहेत, पण निम्मा वेळ स्वतःचेच अनुभव सांगतात. मला काही फरक जाणवत नाही. सोडून दिलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून जातेय.
(संकोची)

उत्तर: म्हणजे तुम्ही फी भरून त्यांचं मन सांभाळताय!

सोडण्याआधी एकदा बोला. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये समुपदेशनातल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: कशासाठी भेटतोय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा भरवसा. तुमच्याकडे तिसरं थोडंफार आहे, पहिली दोन बहुधा ठरलेलीच नाहीत. पुढच्या भेटीत बसल्या बसल्या म्हणा, ‘मला माझं बोलायला वेळ कमी पडतोय, आणि आपण नेमकं कशावर काम करतोय ते मला कळत नाहीये.’ ते थांबले, विचारात पडले, ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणाले, तर आणखी काही भेटी द्या; अशा बोलण्यानंतर काम चांगलं रंगतं, हा माझाही अनुभव आहे. त्यांनी तुमच्यावरच उलटवलं (‘तुम्हाला ऐकून घेण्याची सवयच नाही’ वगैरे), तर फोनवर ‘पुढची वेळ नको’ एवढं सांगा. कारण देऊ नका.

काही बाबतींत मात्र एकही संधी द्यायची नाही. ‘इतक्या भेटींत पूर्ण बरं करतो’ अशी हमी, दुसऱ्या कुणाच्या खासगी गोष्टी तुम्हाला सांगणं, बाहेर भेटण्याचा आग्रह, उसने पैसे, अंगचटीला येणं. यातलं काहीही दिसलं की उठायचं. त्यांचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, हेही विचारायला लाजू नका. आम्हाला विचारलेलं चालतं.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. दोनेक महिने पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्यात. अभ्यासाचं एक पान वाचायला अर्धा तास लागतो. कधी कधी वाटतं, नसतोच तर बरं झालं असतं, पण ते जाऊ दे. दादा म्हणतो व्यायाम कर, ध्यान कर. ध्यानाला बसलो की जास्तच त्रास होतो. समुपदेशक गाठू की मानसोपचारतज्ज्ञ?
(तुमचा एक वाचक)

उत्तर: तुला हे उत्तर छापून येण्याची वाट बघायला न लावता आधीच कळवलंय. तुझ्यासारख्या अवस्थेतल्या इतरांसाठी इथे देते आहे.

‘पण ते जाऊ दे’ म्हणून तू ज्या वाक्यावरून पुढे गेलास, त्यावरून मी पुढे जाणार नाही. नसावं असं वाटणं आणि स्वतःला काही करण्याचा विचार येणं यांत अंतर आहे. पण ते अंतर किती हे एकट्याने ठरवायचं नसतं. दादाला आजच सांग, अगदी याच शब्दांत. विचार काही करण्यापर्यंत जात असेल, तर वेळ ठरवून भेटण्याची वाट बघायची नाही, सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं आणि तोवर एकटं राहायचं नाही. हे विचार बोलून दाखवले की बळावतात असा एक समज आहे. तो चुकीचा आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आधी मानसोपचारतज्ज्ञ. ते डॉक्टर असतात, तपासण्या करतात, गरज वाटली तर गोळ्या देतात. आम्हा समुपदेशकांना गोळ्या देता येत नाहीत. झोप, भूक, एकाग्रता आणि आवड, सगळं एकदम आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलंय, तेव्हा हे नुसत्या बोलण्यावर ठेवणं बरोबर नाही. नैराश्य आहे का हे पडताळायला ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते, आणि तुझ्या पत्रातल्या बहुतेक ओळी तिच्यात आहेत. नववा प्रश्न तर तू ‘जाऊ दे’ म्हणालास तोच आहे. डॉक्टर थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिनही तपासायला सांगतील, कारण तिथला बिघाड कधी कधी हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून थांबू नकोस, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नको ते विचार वाढले तर मात्र लगेच डॉक्टरांना कळव. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. झोप जरा जागेवर आली की समुपदेशन सुरू कर. तेव्हा बोललेलं डोक्यात राहतं.

ध्यान सध्या सोड. मन इतकं थकलेलं असताना डोळे मिटून बसलं की काही जणांचं विचारांचं दळण जास्तच सुरू होतं. त्यात तुझा काही कमीपणा नाही. व्यायामाबद्दल दादा चुकत नाहीये, पण त्याचं माप मोठं आहे. मूड आला की करू, असं ठेवलंस तर तो येणार नाही. आधी हालचाल आणि मूड तिच्या मागून. जाग आल्यावर अंथरुणात पडून न राहता उठून खिडकीशी उभं राहणं, संध्याकाळी दारापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं, एवढंच. ते झालं की वहीत बरोबरची खूण कर.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते सुचणार नाही. म्हणून मला लिहिलेलं पत्रच घेऊन जा आणि त्यांच्या हातात दे, त्यात सगळं आलंय. दादाला बरोबर ने. वाटेत सल्ले द्यायचे नाहीत, हे त्याला माझ्या नावाने सांग.